पर्यावरणशास्त्र : आजाराच्या आधीचे विज्ञान

बारावीचा आणि पाठोपाठ ‘नीट’चा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएसला नंबर लागत नाही, मग पुढे काय? बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी अशी यादी खाली सरकत जाते. यादीच्या अगदी तळाशी कुणीतरी दबक्या आवाजात ‘बीएस्सी पर्यावरणशास्त्र’ म्हणते आणि घरातले एखादे काका लगेच विचारतात, “झाडं लावायला डिग्री कशाला लागते?” हशा पिकतो आणि विषय संपतो.

त्याच सुमारास एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आठवीतला एक मुलगा आईबरोबर उभा असतो. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. आईला वाटते, पोरगा दात नीट घासत नाही. शेजारी बसलेल्या आजीला मान वळवता येत नाही, गुडघे आखडलेले आहेत, तिला ‘वाताचा त्रास’ म्हणून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या चालू आहेत. एक्स-रे काढला की हाडे नेहमीपेक्षा दाट, पांढरी दिसतात. नातू आणि आजी, दोघांचा आजार एकच आहे: फ्लोरोसिस. आणि दोघांच्या आजाराचे कारणही एकच आहे, ते म्हणजे गावातल्या हातपंपाचे पाणी.

डॉक्टर निदान करू शकतो, कॅल्शियम देऊ शकतो, आहाराविषयी सांगू शकतो. पण हाडांत साठलेला फ्लोराइड काढून टाकणारे औषध नाही. मुलगा आणि आजी घरी जातात आणि संध्याकाळी त्याच हातपंपाचे पाणी पितात. या कुटुंबाच्या खऱ्या उपचाराची सुरुवात रुग्णालयात होत नाही. ती होते कुणीतरी प्लास्टिकची बाटली घेऊन त्या हातपंपापाशी जाते तेव्हा. बाटली प्लास्टिकचीच हवी, कारण फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होऊ शकते. इतकी साधी गोष्ट माहीत असणारा, नमुना नीट घेणारा, तो मोजणारा आणि आकड्याचा अर्थ गावाला समजावून सांगणारा माणूस तयार करणे, हे पर्यावरणशास्त्राचे काम आहे.

नारू गेला, फ्लोराइड आला

ही कथा थोडी मागे जाऊन पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी विंधनविहिरी आणि हातपंप आले. तो निर्णय चुकीचा नव्हता. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरत, पाय धुवत, तेच पाणी भरत आणि त्यातून नारू, कॉलरा, हगवण पसरत असे. झाकलेल्या हातपंपाने हा मार्ग तोडला. नारूच्या निर्मूलनात सुरक्षित पाण्याचा वाटा मोठा होता आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. नव्या पिढीच्या डॉक्टरांनी नारूचा रुग्ण पाहिलेलाच नाही, हे सार्वजनिक आरोग्याचे मोठे यश आहे.

पण पाणी जितके खोल, तितका त्याचा खडकाशी सहवास लांब. ग्रॅनाइट, नीस यांसारख्या जुन्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. पाणी अल्कधर्मी असेल आणि त्यात कॅल्शियम कमी असेल, तर ही खनिजे त्यात अधिक विरघळतात. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर आणि मराठवाड्यात नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत नेमके हेच घडले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा. त्यापेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरे आणि जंतूंच्या दृष्टीने निर्दोष असू शकते. त्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो दहा वर्षांनी दातांवर आणि तीस वर्षांनी मणक्यात.

जंतूंचा विचार करणारे लोक तेव्हा होते, खडकाचा विचार करणारेही होते. पण दोघे एका टेबलाशी क्वचितच बसले. पर्यावरणशास्त्र हा विषय त्या टेबलासाठी आहे. भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि थोडा कायदा, थोडे समाजशास्त्र एकाच विद्यार्थ्याने शिकायचे, ते याचसाठी की एक प्रश्न सोडवताना दुसरा निर्माण होतो आहे का, हे कुणीतरी वेळेत विचारावे.

या प्रश्नाचे उत्तरही प्रयोगशाळेतून आले. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातला फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली. आज आंध्र-तेलंगणाच्या बाहेर, आफ्रिकेतल्या देशांतही तिचे नाव घेतले जाते. हे काम एमबीबीएस झालेल्यांचे नव्हते. मात्र त्याने वाचवलेली हाडे मोजली, तर कुठल्याही अस्थिरोग विभागाला हेवा वाटावा.

मोजल्याशिवाय आजार दिसत नाही

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे प्रत्येक आजीला माहीत होते. पण ‘माहीत असणे’ आणि ‘मोजलेले असणे’ यांत फरक आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधल्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, ते यंत्र लावून मोजले. आकडे थक्क करणारे होते. हवेचे प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहरातली वाहने, अशी तोवरची समजूत होती. सर्वांत वाईट हवा खेड्यातल्या स्वयंपाकघरात असू शकते, हे त्या मोजणीने पुढे आणले. त्यानंतरच्या तीन दशकांत जगभर त्यावर संशोधन झाले, कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांच्या दम्यासारख्या आजाराचा (सीओपीडी) चुलीशी असलेला संबंध स्पष्ट होत गेला आणि घरगुती गॅस हा आरोग्याचा विषय ठरला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमागचा शास्त्रीय युक्तिवाद याच मोजण्यातून उभा राहिलेला आहे.

छातीच्या विभागात येणाऱ्या साठीच्या बाईला इनहेलर देणे हे उपचार आहे. तिच्या सुनेला तो लागू नये, ही व्यवस्था करणे हेही उपचारच आहे. पहिल्या कामाला समाज मान देतो, पैसा देतो. दुसऱ्याला ‘झाडं लावणारे’ म्हणतो.

तिसरे उदाहरण अजून ताजे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, अनेकांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अंगावर ना हातमोजे ना मास्क, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली. नेमके काय मिसळले होते, हे अनेकदा रुग्णालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी अॅट्रोपिन दिले, व्हेंटिलेटर लावले, जमेल ते केले. पण हंगामाच्या सुरुवातीलाच कोणत्या तालुक्यात कोणती मिश्रणे विकली जात आहेत, फवारणारा किती तास त्या धुक्यात उभा असतो, याची नोंद ठेवणारे कुणी असते, तर त्यातले काही जण रुग्णालयात आलेच नसते.

सक्तीचा पेपर, कॉपीची वही

विशेष म्हणजे हा विषय शिकवायला हवा, हे देशाने फार पूर्वीच मान्य केले आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याविषयी आदेश दिले. अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा २००३ साली पुन्हा ठणकावले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी. ते पेशाने शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला जंगल, पाणी आणि हवा यांवर पुस्तक लिहावेसे वाटले, यात पुष्कळ काही आले.

पुढे काय झाले, हे मात्र कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘ईव्हीएस’चा पेपर म्हणजे आदल्या रात्री वाचून पास व्हायचा पेपर. अकरावी-बारावीतली प्रकल्पवही म्हणजे मागच्या वर्षीच्या ताईची वही उतरवून काढायची. ओझोनचे छिद्र, हरितगृह परिणाम, ‘पाणी वाचवा’ असे घोषवाक्य आणि शेवटी चिकटवलेले झाडाचे चित्र. विषय शिकवायला बहुतेक वेळा ज्यांचा तास मोकळा आहे ते शिक्षक. अशा रीतीने लाखो मुलांना सक्तीने हेच शिकवले गेले की, हा विषय गांभीर्याने घेण्याचा नाही. पदवीसाठी तो निवडावा असे मग कुणाला वाटणार?

त्या वहीऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी येणाऱ्या पाण्याचा एक नमुना तपासला असता तर? कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात पीएच, क्षारता, नायट्रेट पाहायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खतांचा आणि सांडपाण्याचा निचरा विहिरीत होत असेल तर ती ओलांडली जाते आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका असतो. हे स्वतःच्या गावच्या विहिरीवर शिकलेला विद्यार्थी पुढे वकील झाला काय, सरपंच झाला काय, ते विसरणार नाही.

पदवीनंतर काय?

पालकांचा प्रश्न रास्त आहे: नोकरी कुठे? त्याचे उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही. नुसती बीएस्सी करून, गुण आणून, बाकी काही न शिकता बाहेर पडलेल्या मुलाला वणवण करावी लागते, हे खरे आहे. पण काम नाही, हे खरे नाही.

पहिले क्षेत्र प्रयोगशाळांचे. पाणी, सांडपाणी, हवा, माती यांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना नमुना घेणारे आणि विश्लेषण करणारे लोक सतत लागतात. दुसरे क्षेत्र उद्योगांचे. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा हवा कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांमुळे कारखान्याला संमतीपत्र, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, धोकादायक कचऱ्याचा हिशेब हे सर्व सांभाळावेच लागते. त्यासाठी पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा विभाग असतो. तिसरे क्षेत्र सल्लागार संस्थांचे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. शिवाय ‘सेबी’ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केल्याने आकडे गोळा करून तपासणाऱ्यांची मागणी वाढली आहे.

चौथे क्षेत्र सरकारचे: केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळे, महापालिकांचे पर्यावरण विभाग. पाचवे संशोधनाचे: नागपूरची नीरी, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभाग. भूजलावर काम करणारी पुण्याची ‘ॲक्वाडॅम’, पाणलोटावर काम करणारी ‘वॉटर’, मुंबईची बीएनएचएस या संस्थांची कामेही याच वाटेवरची आहेत. यांपैकी बहुतेक ठिकाणी एमएस्सी किंवा एमटेक लागते. ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, ‘नेट’मध्येही हा विषय आहे.

आणि आरोग्यक्षेत्र? एकट्या रुग्णालयाचा कचरा हाच मोठा विषय आहे. २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा रंगांत तो वेगळा करायचा असतो. क्लोरीनयुक्त प्लास्टिक चुकून भट्टीत गेले तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. म्हणजे वॉर्डात झालेली चूक भट्टीशेजारच्या वस्तीच्या श्वासात उतरते. वॉर्डातली मावशी, सिस्टर, डॉक्टर आणि भट्टी यांना जोडणारा जाणकार माणूस प्रत्येक मोठ्या रुग्णालयात हवा. आज बहुतेक ठिकाणी हे काम आधीच दहा कामे असलेल्या कुणाच्या तरी अंगावर टाकलेले असते.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, सोबतचे विषय. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक अशा ठरावीक विषयांपैकी किमान एक असावा लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी. त्या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ नाही. वनसेवेचे स्वप्न पाहून या पदवीला गेलेल्या मुलाला हे तिसऱ्या वर्षानंतर कळू नये. दोन, कॉलेजची प्रयोगशाळा. शिक्षकांना विचारावे की, पाण्याची बीओडी चाचणी विद्यार्थी स्वतः करतात की फळ्यावर पाहतात? आपल्याकडच्या मानक पद्धतीत ती २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. ज्याने ते तीन दिवस पाळले आहेत, त्याला नदीचा अहवाल वाचता येतो. नकाशाशास्त्र म्हणजे जीआयएस, संख्याशास्त्र आणि एक तरी विश्लेषणाची पद्धत हातात बसलेली असेल, तर नोकरीच्या मुलाखतीत फरक पडतोच.

दोष विद्यार्थ्यांचा नाही

तरीही सगळी जबाबदारी मुलांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. देशभरातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळांतली मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याची माहिती अलीकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आली. न्यायालयांना ही पदे भरा, असे सांगावे लागते. एका रुग्णालयात निम्मे डॉक्टर नसतील तर वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते. नद्या आणि हवा तपासणारे निम्मे लोक जागेवर नाहीत, याची बातमी आतल्या पानावर येते, आणि त्याच नदीकाठच्या काविळीच्या साथीची बातमी पहिल्या पानावर.

दुसरी अडचण खाजगी क्षेत्रातली. प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे प्रकल्पवालाच देतो. तिथे काम करणाऱ्या तरुणावर ‘आकडा जरा बसवून घे’ असा दबाव येऊ शकतो. रक्ताचा अहवाल जर रोग्याच्या मर्जीनुसार लिहिला गेला, तर त्यावर उपचार कसा करायचा? पर्यावरणाचा अहवाल हा गावाचा रक्ताचा अहवाल आहे. तो लिहिणाऱ्याला पैसे प्रकल्पवाल्याकडून थेट न मिळता स्वतंत्र यंत्रणेमार्फत मिळावेत, ही मागणी जुनी आहे आणि योग्य आहे.

तिसरी गोष्ट आरोग्य खात्याने स्वतः करण्याची. फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, हवामानबदल आणि आरोग्याचा कार्यक्रम २०१९ पासून. उष्माघात, डेंग्यू, लेप्टो, दूषित पाणी यांच्या साथी आता अपवाद राहिलेल्या नाहीत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे संच देऊन प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पण त्यांनी नोंदवलेला आकडा आणि ओपीडीत आलेला रुग्ण यांची गाठ घालून देणारे कुणी लागते. प्रत्येक जिल्हा आरोग्य कार्यालयात प्रशिक्षित पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याचे एक कायम पद निर्माण झाले, तर ती गाठ पडेल. या अधिकाऱ्याचे काम साधे असेल: कोणत्या गावातून कोणता आजार जास्त येतो आहे, ते पाहून त्या गावचे पाणी, हवा, माती तपासायची आणि उन्हाळ्याआधी, पावसाळ्याआधी इशारा द्यायचा. एका एमआरआय यंत्राच्या किमतीत अशी अनेक पदे अनेक वर्षे चालतील.

‘नीट’मध्ये अपेक्षित गुण मिळाले नाहीत म्हणून घरात सुतक असल्यासारखे वातावरण असते. त्या मुलीला जर खरोखर लोकांचे आजार कमी करायचे असतील, तर तिच्यासाठी दार बंद झालेले नाही. स्टेथोस्कोप गळ्यात नसेल, हातात नमुन्याची बाटली असेल. तिने लाल रंग लावायला लावलेल्या एका हातपंपामुळे पुढच्या वीस वर्षांत किती मुलांचे दात आणि किती म्हाताऱ्यांचे मणके वाचले, याची गणती कुणी करणार नाही. तिच्या नावाने आभाराचे पेढे घेऊन कुणी येणार नाही, कारण जो आजार झालाच नाही त्याचा रुग्ण नसतो. काकांचा प्रश्न तेव्हाही असेल. त्यावर, “काका, तुमच्या बोअरचं पाणी शेवटचं कधी तपासलं होतं?” एवढे विचारले तरी पुरे.